बिनसलेल्या दिवसाचं इंजिन

मुंबईत डिझेल इंजिन दिसलं की खुशाल समजावं, कुठेतरी काहीतरी बिनसलंय. ओव्हरहेड वायर तुटली असेल, वाटेत बसलेली लोकल ओढून न्यायची असेल, रविवारचा मेगाब्लॉक असेल, नाहीतर रात्री दोन वाजता रुळांमधला गाळ उपसून न्यायला रिकामे डबे निघाले असतील. ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेवरची पहिली गाडी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली आणि तेव्हाच या शहराने डिझेलचा निकाल त्याच्या जन्माआधी लावून टाकला. बहुतेक देशाने आधी वाफ पाहिली, मग डिझेल, मग वीज. मुंबईच्या लोकलने मधला धडा ऑप्शनला टाकला.

त्यामुळे आमच्या दादर-परळ-लालबाग पट्ट्यातल्या रेल्वेवेड्यांचं आणि उरलेल्या मुंबईचं कधी जमत नाही. शनिवारच्या पेपरातलं मेगाब्लॉकचं वेळापत्रक सगळे वाचतात. बाकीचे वाचतात ते उद्या घराबाहेर पडायचं टाळण्यासाठी, हे वाचतात ते उद्या कुठे जाऊन उभं राहायचं हे ठरवण्यासाठी. ‘माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद’ या ओळीत सामान्य माणसाला मामाकडचं बारसं हुकलेलं दिसतं, यांना खडीच्या डब्यांपुढे लागलेलं इंजिन दिसतं. रविवारी सकाळी ‘जरा भाजी बघून येतो’ म्हणून निघालेला गृहस्थ दोन तासांनी कोथिंबिरीची एकच जुडी घेऊन परतला आणि तरीही प्रसन्न दिसला, तर घरच्यांनी फार चौकशी करू नये. तो टिळक पुलावर होता.

टिळक पूल ही जागाच तशी आहे. खाली एका अंगाला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या अंगाला मध्य, आणि पुलावर बस, टॅक्सी, हातगाड्या, फुलबाजारातून झेंडूची पोती डोक्यावर घेऊन निघालेले लोक. कठड्याला टेकून खाली बघत उभ्या राहिलेल्या माणसाकडे दादरमध्ये कुणी वळूनही पाहत नाही. अशी सोय गिरगावात नाही. चर्नी रोडला दिवसभर लोकल आणि लोकलच. लांबच्या गाड्या १९३० सालीच मुंबई सेंट्रलला थांबल्या आणि गिरगावकराच्या वाट्याला, रात्री वारा इकडचा असला तर, नुसता भोंगा आला.

साठच्या दशकात आणि सत्तरच्या पूर्वार्धात टिळक पुलावर उभं राहिलं की दोन बाजूंना दोन वेगळे काळ दिसत. मध्य रेल्वेच्या मेलगाड्या १९३० च्या आसपासच विजेवर पुण्याला आणि इगतपुरीला जाऊ लागल्या होत्या. पश्चिम रेल्वेची लोकल विजेची, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी त्यांच्याकडे विजेची इंजिनंच नव्हती, कारण विरारच्या पुढे तारच नव्हती. मग मुंबई सेंट्रलहून सुटलेली मेल आधी वाफेवर आणि पुढे डिझेलवर, डोक्यावर तार असूनही तिच्याकडे ढुंकून न पाहता, धूर काढत दादरवरून जायची. १९७२ साली मुंबईहून दिल्लीला राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली, तीसुद्धा डिझेलवर. पुढे विरारपलीकडे तारा आल्या, एसी आणि डीसी अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिनं आली आणि पश्चिमेचा धूर ओसरला. आज सत्तरीला आलेल्या दादरकरांत याची खूण अजून सापडते. रानडे रोडच्या बाजूला वाढलेल्याच्या कानात डिझेल आहे. हिंदू कॉलनीत वाढलेल्याच्या कानात मध्य रेल्वेचं ते जुनं, लांब नाकाचं घाटातलं विजेचं इंजिन, जे उभं असताना दुखणेकऱ्यासारखं कण्हायचं. जगभरात त्या जातीला मगर म्हणत, आमच्या रेल्वेतल्या लोकांनी त्याचा खेकडा केला. दोघं एकत्र आले की दोन मिनिटं हवापाण्याचं बोलणं होतं आणि मग तुझं की माझं सुरू होतं.

बाहेरच्या माणसाला सगळी डिझेल इंजिनं सारखीच: एक लांबलचक खोकं, त्यात एका टोकाकडे सरकलेली ड्रायव्हरची केबिन, बाजूने कठडा. केबिनच्या एका बाजूचं खोकं लांब, दुसऱ्या बाजूचं आखूड. लांब खोकं पुढे ठेवून गाडी चालली की बिचाऱ्या ड्रायव्हरला समोरचं अर्धंच दिसतं, म्हणून ‘लाँग हूड आलं की शॉर्ट हूड’ हा या मंडळींचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, शेड कुठलं? कल्याण, पुणे, इटारसी, गुत्ती, वटवा, रतलाम. शेडचं नाव अंगावर लिहिलेलं असतं आणि एकेका शेडने आपापल्या आवडीने रंग चढवलेला असतो. रोजच्या गाडीला रोजच्याच शेडचं इंजिन लागलं तर त्यात पाहण्यासारखं काही नाही. ठरलेलं सोडून भलत्याच शेडचं, भलत्याच जातीचं इंजिन आलं की त्याला म्हणायचं ‘ऑफलिंक’. हा शब्द उच्चारताना भल्याभल्यांचा आवाज खाली येतो.

नावाची अक्षरं तर शाळकरी पोरालाही पाठ असतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हीला चालणारं, एस म्हणजे शंटिंगचं, आणि पुढे आकडा. पण अंगावरची अक्षरं वाचून इंजिन ओळखणारा या लोकांत कच्चा समजला जातो. पक्का गडी पाठ फिरवून सांगतो.

आणि सांगता येतं, हे मी पाहिलं आहे. डब्ल्यूडीएम-२ घ्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा नमुना, १९६२ मध्ये पहिली खेप आली, १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून आपलं पहिलं निघालं. त्याचं नाव कुंदन, ते आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन ११२ टनांच्या वर. नुसतं उभं असताना मिनिटाला ४०० फेरे, आणि त्या संथ फेऱ्यांत एक लंगडी लय असते: तीन ठोके नीट पडतात, चौथा थोडा रेंगाळतो. फलाटावर जवळ उभं राहिलात तर ती चपलांच्या तळव्यातून वर येते, चहाच्या कपावर बारीक वर्तुळं उठतात. मग सिग्नल पडतो, ड्रायव्हर हँडल एकेक खाच पुढे सरकवतो. अशा आठ खाचा, आठवीला मिनिटाला १००० फेरे. हँडल सरकलं की इंधन लगेच येतं, पण जास्तीची हवा पुरवणारा टर्बो अजून वेग घ्यायचा असतो. तेवढे काही क्षण तेल जास्त आणि हवा कमी, म्हणून अर्धवट जळालेल्या तेलाचा काळाकुट्ट लोट छपरातून सरळ वर जातो. मग टर्बोची शिट्टी चढत जाते आणि धूर पातळ होतो. डब्यातला प्रवासी नाकाला रुमाल लावतो. फलाटाच्या टोकाला उभा असलेला आमचा माणूस छाती भरून श्वास घेतो. डॉक्टरांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

अशी इंजिनं अडीच हजारांहून जास्त झाली. इतकी झाली की त्यांच्यात फरक शोधणं हा एक वेगळा उद्योग होऊन बसला. एअर ब्रेक नंतर बसवलेलं ते २-ए. जन्मतःच एअर ब्रेक असलेलं ते २-बी. ताकद वाढवून ३१०० अश्वशक्तीचं केलं ते आधी २-सी, मग सरकारने नाव बदलून ३-ए केलं. त्यामुळे ‘२-सी पाहिलं’ म्हणणारा आणि ‘३-ए पाहिलं’ म्हणणारा यांची जुंपते, आणि दोघांनी एकच इंजिन पाहिलेलं असतं. एका तुकडीत आखूड नाक खाली दाबलं आणि केबिनला मोठ्या काचा दिल्या, ती जम्बो. जम्बो दिसलं की त्या दिवशी दुसरं काही सांगण्यासारखं घडलं नाही तरी चालतं.

पण खरी गंमत पाहिलेल्या इंजिनाची नाही, पाहिलं असं वाटणाऱ्या इंजिनाची आहे.

आमच्यात शिवाजी पार्काचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळण्यात गेलेला माणूस, त्यामुळे आपल्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास जबरदस्त. त्यांचं म्हणणं, कॉलेजात असताना त्यांनी दादरला डब्ल्यूडीएम-४ पाहिलं. हे ऐकलं की बाकीचे एकदम गप्प होतात, कारण डब्ल्यूडीएम-४ दादरला यायचं काही कारण नव्हतं. ही जनरल मोटर्सची ७२ इंजिनं, तीही १९६२ चीच, ताकदही तेवढीच २६००. पण ती वाढली उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या मार्गांवर. १९६९ च्या मार्चमध्ये हावडा आणि दिल्लीच्या दरम्यान देशातली पहिली राजधानी धावली, ती ओढायचा मान यांना मिळाला.

‘काका, २ असणार ते,’ कुणीतरी हळूच म्हणतं.

‘अरे, आवाज वेगळा होता.’

‘रंग कोणता होता?’

‘रंगावर जाऊ नकोस. आवाज सांगतोय मी. एकसारखा. ते ठोके नव्हते.’

आता इथे पंचाईत होते, कारण काकांचं बरोबर आहे. जनरल मोटर्सचं इंजिन टू-स्ट्रोक, अल्कोचं फोर-स्ट्रोक. अल्को ठोके मोजत चालतं, जनरल मोटर्स एका पट्टीत गुणगुणतं. पन्नास वर्षांपूर्वीचा रंग माणूस विसरेल, आवाज सहसा विसरत नाही. मग कुणी शक्यता मांडतं: दुरुस्तीला चाललेलं असेल, चाचणीला आणलं असेल, दुसऱ्या गाडीच्या मागे बंद अवस्थेत जोडून नेत असतील. यातल्या शेवटच्या शक्यतेवर लगेच हरकत येते, बंद इंजिनाचा आवाज कसा ऐकू आला? काका चहा मागवतात. चहाचे पैसेही तेच देतात, त्यामुळे विषय तिथेच खुला राहतो.

या दोन जातींची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. एकाच वर्षी दोन्ही आल्या. जाणकार सांगतात की जनरल मोटर्सचं इंजिन सरस होतं, पण आपल्याला नुसतं इंजिन नको होतं, ते बांधायची विद्याही हवी होती. ती द्यायला अल्को तयार झाली, म्हणून निवड तिची झाली. १९६९ मध्ये अमेरिकेत अल्कोचं इंजिन बांधणंच थांबलं, आणि आपण वाराणसीत त्याच घराण्याची इंजिनं पुढे कित्येक दशकं घडवत राहिलो. मग नव्वदचं दशक संपता संपता आपण पुन्हा जनरल मोटर्सच्याच दाराशी गेलो, नव्या जातीची इंजिनं आणली आणि या वेळी विद्याही मिळवली. पत्रिका जुळत नाही म्हणून नाकारलेल्या स्थळाकडेच नातवंडांच्या वेळी सोयरीक व्हावी, तसं झालं.

काही पाहुणे आले तसे गेले. डब्ल्यूडीएम-१ ही अल्कोचीच, १९५७ पासून आलेली शंभर इंजिनं. एकाच टोकाला केबिन, त्यामुळे परत यायचं तर फिरवून घ्या, नाहीतर दोन पाठीला पाठ लावून जोडा. डब्ल्यूडीएम-३ तर अवघी आठ. जर्मनीच्या हेन्शेलची, १९७० च्या सुमाराची, वीज तयार करून चाकं फिरवण्याऐवजी तेलाच्या प्रवाहाने फिरवणारी. ती गुत्तीला असायची, म्हणजे मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या मार्गावर. त्यामुळे ‘मद्रास मेलने जाताना पाहिलं’ या वाक्याला कुणी आव्हान देऊ शकत नाही. वाद घालायचाच असेल तर पुरावा कुठून आणायचा? तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल घरातल्या बारशाला, मुंजीला आणि माथेरानला पुरवून वापरायचा असे. रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायला मनाईची पाटी असे ती वेगळीच. इंजिनावर फोटो वाया घालवलास म्हणून मार खाल्लेली माणसं मला माहीत आहेत. ज्यांच्याकडे काही आहे त्यांच्याकडे वह्या आहेत: शाईच्या पेनाने लिहिलेले पाच-पाच आकडी नंबर, पुढे तारीख, पुढे ‘अप’ किंवा ‘डाऊन’. अशा वहीत एखादा नंबर बाकीच्यांशी न जुळणारा निघाला की घरात लक्ष्मी यावी एवढा आनंद होतो.

या सगळ्या भाबडेपणाला उतारा म्हणजे परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर. परळचं लोको वर्कशॉप १८७९ चं. जीआयपीच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाच्या, वाफेच्या इंजिनांपासून सुरुवात, नंतर डिझेलची मोठी दुरुस्ती. आजूबाजूच्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले तरी याच्या आतली ठोकाठोक चालूच राहिली. आम्ही एखाद्या इंजिनाच्या नंबराचं कौतुक सुरू केलं की हे गृहस्थ पानाची पिचकारी टाकून येतात आणि म्हणतात, ‘नंबरप्लेट तेवढी ओरिजिनल असते, साहेब.’ खरंच आहे. दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचं खोकं क्रेनने उचलून बाजूला ठेवायचं, खालचे चाकांचे गाडे ओढून काढायचे, मोटारी उतरवायच्या, टर्बो उतरवायचा. प्रत्येक भाग आपापल्या विभागात जातो, आणि परत बसवताना तोच भाग त्याच इंजिनाला मिळेल याचा काही नेम नाही. जो तयार असेल तो बसतो. मग आपण ज्याला १९६५ चं म्हणून नमस्कार करतो त्यातलं १९६५ चं नेमकं काय? पतियाळाच्या कारखान्यात नव्याने बांधून निघालेल्या इंजिनांच्या नंबरापुढे निदान ‘आर’ हे अक्षर तरी लावत. हा सगळा प्रश्न आम्ही फार गंभीरपणे चर्चेला घेतला होता. फिटर म्हणाले, ‘आमच्या गुडघ्याचंपण तेच आहे,’ आणि निघून गेले.

धुराबद्दलही त्यांचं मत स्पष्ट आहे. ‘तुम्हाला काळा धूर दिसला की टाळ्या. आम्हाला दिसला की ओव्हरटाइम.’ मात्र एका इंजिनाची गोष्ट निघाली की त्यांचाही आवाज मऊ होतो: माथेरानचं. नेरळ-माथेरानचा रूळ दोन फुटी. तिथे पन्नासच्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीची छोटी डिझेल आली आणि पुढे वाफेच्या इंजिनांनी रजा घेतली. ही बुटकी मंडळी मोठ्या दुखण्याला परळला येत, आणि नंतर परळने स्वतःही माथेरानसाठी इंजिनं बांधली. शंभर-शंभर टनांच्या धुडांच्या रांगेत खांद्याएवढं एक इंजिन. ‘त्याचं काम करताना वाकावं लागायचं, पण कुणी कुरकुर करत नव्हतं,’ असं ते सांगतात. लालबागच्या नाक्यावर ट्रकवर चढवलेलं माथेरानचं इंजिन पाहिल्याचं सांगणारे जे आहेत, त्यांच्याशी वाद घालायची मला तरी गरज वाटत नाही.

शंटिंगच्या इंजिनांवर कुणी जीव टाकत नाही, हा अन्याय आहे. रोज पहाटे गाड्यांचे रिकामे डबे यार्डातून ओढून फलाटाला लावणारी, दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या आत पुढे-मागे करणारी ही जात. डब्ल्यूडीएस-४ चित्तरंजनला बनलेलं. डिझेल असून वाफेच्या इंजिनासारखा चाकांना जोडणारा दांडा, तो वरखाली होताना बघत राहावं. त्याच्या पोटातली ताकद चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा मनमोहन सूरी या आपल्याच रेल्वेतल्या अभियंत्याची. ती ‘सूरी ट्रान्समिशन’ म्हणून ओळखली गेली आणि सूरींना भटनागर पुरस्कार मिळाला. नंतरचं डब्ल्यूडीएस-६, कुर्ल्याच्या शेडचं, सहा सिलिंडरचं. मसजिद-सँडहर्स्ट रोडच्या लोकलमध्ये दाराशी लटकलेल्या लोकांना ते वाडीबंदरच्या बाजूला रोज दिसतं आणि रोज दिसतं म्हणून दिसत नाही. ज्याला मी ‘दुर्मिळ’ म्हणतो त्यातलं अर्धं असंच आहे. ते कायम समोर होतं, बघायला कुणी नव्हतं.

आणि मग १९९८ उजाडलं. २६ जानेवारीला कोकण रेल्वे सगळी खुली झाली आणि बिनसलेल्या दिवशीच दिसणारं डिझेल दादरला रोज येऊ लागलं. कोकण मार्गावर तार नव्हती, मुंबईतली तार तेव्हा जुन्या डीसी पद्धतीची. डिझेलला दोन्हीशी कर्तव्य नव्हतं. लालबाग-परळच्या चाळीचाळींतून बोटीने आणि नंतर एसटीने गावी जाणारी माणसं आता ट्रंका आणि गोणपाटं घेऊन फलाटावर येऊन बसू लागली. त्यांना अल्को आणि टर्बो काही ठाऊक नव्हतं. पण गणपतीच्या जादा गाडीला पुलाकडून इंजिनाचा ठोका ऐकू आला की ‘इली रे इली!’ म्हणत अख्खा फलाट उभा राहायचा. मी त्यांना रेल्वेफॅनच समजतो. आवाजावरून ओळखत होते की नाही?

रत्नागिरीजवळ करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. डिझेलच्या धुरासाठी त्यात हवा खेळवायची यंत्रणा बसवावी लागली. तरी खिडकीशी बसलेलं पोर पलीकडे निघायचं ते नाकाखाली दोन काळ्या रेघा घेऊन, आणि आई पदराने पुसता पुसता इंजिनाला शिव्या घालायची. तीच पोरं आता तिशीत आहेत आणि फोनवर अल्कोचे आवाज ऐकत झोपतात.

हेही संपलं. पश्चिम, मध्य आणि शेवटी हार्बर असं करत २०१६ पर्यंत मुंबईतली डीसी तार गेली. २० जून २०२२ ला कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचं राष्ट्रार्पण झालं. धूर गेला हे चांगलंच झालं, तेलाचे पैसे वाचले तेही चांगलं झालं, यावर आमच्यात मतभेद नाहीत. पण वाराणसीच्या कारखान्याने मध्यंतरी जुन्या डिझेलच्याच सांगाड्यात विजेचं सामान भरून एकमेकांना जोडलेल्या दोन इंजिनांचं एक विजेचं इंजिन तयार केलं, तेव्हा शिवाजी पार्कचे काका काही दिवस आमच्याशी बोलले नाहीत. कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ शब्दही २०२० मध्ये गेला. वाफेच्या इंजिनाला निदान स्टेशनाबाहेर चौथरा मिळतो, फुलझाडं मिळतात, शेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. डिझेलच्या वाट्याला बहुधा भंगाराची निविदा येते. आपल्याकडे वाफ म्हणजे इतिहास आणि डिझेल म्हणजे नुसतं जुनं, अशी काहीतरी समजूत आहे. ती मला मान्य नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात जुने फोटो असतील. त्यात कुणीतरी फलाटावर हार घालून उभं असेल: पलटणीत निघालेले आजोबा, माहेरी निघालेली मावशी, स्काउटच्या कॅम्पला निघालेला मामा. पाठीमागे, कडेला, अर्धवट, एखादं इंजिन आहे का ते पाहा. असेल तर भिंग घ्या. केबिनच्या बाजूला किंवा नाकावर पाच आकडी नंबर असतो. तो आणि साल, स्टेशन, कुठली गाडी हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून, ते माणूस आहे तोवर, फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. आणि फोटो फोनवर घेताना मावशी नीट यावी म्हणून कडेचं इंजिन कापू नका.